कोपऱ्यात थांबणारा ठिपका

१

सकाळी अकराला मास्तर हॉलचं दार उघडायचे, आणि त्यानंतरचा पहिला तास कुणी कुणाशी बोलायचं नाही असा त्यांचा नियम होता. फर्निचरच्या दुकानावरचा तो लांबट हॉल. खिडक्यांना आतून काळा कागद चिकटवलेला, छताला ट्यूबलाइटच्या दोन ओळी, आणि भिंतीला लावून मांडलेले कॉम्प्युटर. पोरं मनगटं चोळत यायची, हेडफोन चढवायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची, सगळ्या वर्गाला शिक्षा झाल्यासारखी. मग नुसता माउसचा टकटकाट. एसीचं पाणी दाराजवळच्या बादलीत ठिबकायचं, तेही त्या आवाजात बुडून जायचं.

बाहेर पाटी होती, ‘अकादमी’. शब्द भारदस्त, धंदा साधा. कोवळ्या पोरांची बोटं आणि डोळे वापरायला घ्यायचे, गोळीबाराच्या व्हिडिओ गेमच्या स्पर्धांत उतरवायचे, आणि बोट दुखायला लागलं की ‘तुझ्यात ती भूक राहिली नाही’ असं सांगून घरी पाठवायचं. कारखान्यात यंत्राखाली हात गेला तर निदान कुणीतरी चौकशीचं नाटक करतं. इथे हात गेला तर त्याला ‘फॉर्म गेला’ म्हणत. चौकशी संपली.

घारीला हे दिसत नव्हतं असं नाही. ती चोविशीची होती, म्हणजे या धंद्याच्या हिशेबानं आजीबाईच. विमा कंपनीत फोनवर दिवसभर लोकांच्या शिव्या खायची नोकरी तिनं सोडली होती, तीसुद्धा थोरल्या बहिणीशी कडाक्याचं भांडण करून. आता मागे जायला तोंड नव्हतं. पाच जणांच्या संघात एक खुर्ची रिकामी झाली होती आणि महिनाअखेरीला मालक स्वतः येऊन निवड करणार होते. त्या खुर्चीवर डोळा दोघांचा: एक घार, दुसरा तिच्या शेजारच्या मशीनवरचा बोका. तो कुठेही, कधीही, कसाही झोपू शकायचा म्हणून बोका. तिचं ‘घार’ हे नावही त्यानंच ठेवलेलं.

सरावात पडद्यावर पळणाऱ्या गोळ्यांवर तिचा नेम चांगला होता. घोडं अडत होतं ते क्लिकपाशी.

“नेमाची फुली गोळ्यावर बरोबर जाते तुझी,” मास्तर म्हणायचे, “पण बोट कधी आधी दाबतं, कधी नंतर. कुणाच्या दारावरची घंटा वाजवतेयस का? अगं, गोळा इकडून तिकडे पळतो, मग उलटा फिरतो. फिरताना त्याला क्षणभर थांबावंच लागतं. त्या थांबण्यावर क्लिक करायचं. त्याच्यामागे धावू नकोस. वाट बघ.”

वाट बघणं हेच तिला जमत नव्हतं. म्हणून एक दिवस मास्तरांनी तिला छाप दिली.

२

छाप म्हणजे दुसऱ्या कुणाच्यातरी हाताचं रेकॉर्डिंग. सरावाची खोली पडद्यावर दिसते: करड्या भिंती, करडी फरशी, हवेत उगवणारे लाल गोळे. माउस हलवला की खोलीभर नजर फिरते. नेमाची पांढरी फुली मात्र कायम पडद्याच्या मधोमध. छाप लावली की या खोलीत एक पिवळा ठिपका फिरू लागतो. ज्याचा हात, त्यानं त्या वेळी जिथे जिथे नेम धरला होता, तिथे तिथे ठिपका. त्यानं क्लिक केलं तिथे ठिपका लुकलुकतो. आपण आपली फुली ठिपक्यावर ठेवत त्याच्या मागे जायचं आणि तो लुकलुकला की दाबायचं. लहानपणी बाई आपला हात धरून अक्षर गिरवून घ्यायच्या, तसंच.

“कुणाचा हात आहे हा, सर?”

“चांगला हात आहे. एवढं पुरे तुला.”

हात खरोखरच चांगला होता. चांगला म्हणणंही कमीच. ठिपका गोळ्याकडे जायचा तो घाई नाही, झटका नाही, पाण्यावरून पान सरकावं तसा. गोळा पळत असताना हा नुसता बाजूला उभा. गोळ्यानं दिशा बदलायला आणि ठिपक्यानं लुकलुकायला एकच गाठ पडायची. घार त्याच्या मागे फिरताना स्वतःचं मनगट विसरून गेली. नाचात तरबेज जोडीदार मिळाला की आपलेही पाय आपोआप पडतात, तसं काहीसं.

आणि मग, समोर चार गोळे हवेत असताना, ठिपका त्यांच्याकडे पाठ करून निघाला.

खोलीच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन थांबला. दोन भिंती जिथे मिळतात ती जागा, सगळ्या खोलीत सर्वांत काळोखी. तिथे कधीच गोळा उगवत नाही. खेळ बनवणाऱ्यांनी तशी सोयच केलेली नाही. ठिपका तिथे थरथरत उभा राहिला. लुकलुकला नाही. मग, काहीच घडलं नाही अशा थाटात, परत गोळ्यांकडे वळला.

घारीला वाटलं, शिंक आली असेल बिचाऱ्याला.

तीन-चार मिनिटांनी तो पुन्हा कोपऱ्यात गेला.

३

“सवय असते एकेकाची,” मास्तर म्हणाले. “तो भाग सोडून दे. तू गोळ्यांकडेच राहा.”

तिनं सोडून दिला. ठिपका कोपऱ्याकडे निघाला की ती थांबायची आणि तो परतल्यावर त्याला गाठायची. त्या दिवशी तिचा गुणांचा आकडा घसरला. दुसऱ्या दिवशी आणखी. तिसऱ्या दिवशी ती वैतागून त्याच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत गेली, थांबली, दाबलं नाही, परत आली. आणि आल्या आल्या सगळे गोळे एकामागून एक टिपले. हेडफोनमधली गोळा लागल्याची टिंग थांबेचना.

यात काही जादू नाही, हे तिनं स्वतःला समजावलं. टाइप करणारा माणूस मधेच बोटं मोडतो आणि मग वेगानं लिहितो. वाट बघायला शिकायचं तर रिकाम्या जागेवर वाट बघणं हा उत्तम सराव झाला. म्हणजे हा माणूस येडा नव्हता, आपल्यापेक्षा हुशार होता.

तरी तिनं मास्तरांना पुन्हा छेडलंच. “सर, तो आता कुठे असतो? एकदा भेटता येईल?”

“सोडून गेला.”

“कुठे गेला?”

“लोक जातात, घारे. प्रत्येकाचा पत्ता मी घेऊन बसू?”

“पण हात ठेवून घेतलात त्याचा.”

मास्तर हसले नाहीत. “सही करतानाच ठरलेलं असतं ते. हात अकादमीचा. तुझाही.”

तिनंही सही केली होती. वाचली नव्हती. कोण वाचतं?

४

थोरली बहीण फिजिओथेरपिस्ट होती. घरातल्याच पुढच्या खोलीत तिचा दवाखाना: एक उंच टेबल, गरम पाण्याच्या पिशव्या, भिंतीवर माणसाच्या स्नायूंचं चित्र. दिवसभर लोकांचे खांदे आणि गुडघे सरळ करून झाले की संध्याकाळी शेवटचा पेशंट धाकटी. भांडण झालं होतं, पण मनगट बघायचं ताईनं सोडलं नव्हतं. हात बघताना तोंडही चालू राहायचं.

“झोप अशी. सोड हात. सोड म्हटलं ना? मेल्या कोंबडीसारखा सोड.”

“सोडलाय गं ताई.”

“सोडलाय म्हणे. विम्याच्या फोनवर काय बोट तुटत होतं तुझं?”

“कान तुटत होते.”

“कानाचं औषध माझ्याकडे नाही. गप्प पडून राहा.”

घार गप्प पडून राहिली. बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करायच्या खटपटीत होतं. ताईचा अंगठा मनगटावरून तळव्याकडे सरकत होता. घारीचे डोळे मिटले, श्वास संथ झाला, अंग अगदी सैल पडलं.

“काय दाबतेयस?” ताईनं विचारलं.

“मी कुठे काय?”

“बोट. हे पहिलं बोट. तू शांत पडलीस की खाली दाबतं. एकदाच. मघापासून तीनदा झालं.”

घारीनं डोळे उघडून बोटाकडे पाहिलं. बोट आपलं बोटासारखं पडलेलं.

“थकलंय,” ती म्हणाली.

ताईनं घारीचा हात टेबलावर ठेवला आणि टॉवेलला स्वतःचे हात पुसले. एरवी ती पुढे काहीतरी टोमणा मारायची. “थकलेला हात मी रोज बघते,” ती म्हणाली. “थकलेला हात लोंबतो. हा टपून बसलाय.”

५

आकडा वाढत गेला. बोका मागे पडला. छाप आता पाठ झाली होती. ठिपका कुठे जाणार हे तिला आधीच कळायचं, आणि कोपरा आला की ती दोघं मिळून तिथे थांबायची. फक्त एक गोष्ट तिच्या ध्यानात आली, तीही उशिरा. कोपऱ्यातले थांबे वाढत होते. रेकॉर्डिंग तेच, रोजचंच. तरीही.

कोपऱ्याकडे नजर गेली की पडदा जवळजवळ काळा व्हायचा. काळ्या काचेत मागच्या ट्यूबलाइटच्या उजेडामुळे बसलेल्या माणसाची पुसट आकृती उमटायची: हेडफोनचे दोन फुगवटे, मधे डोकं. तिचंच. ठिपका नेमका त्या डोक्यावर, भुवयांच्या मधे.

पहिल्यांदा दिसलं तेव्हा तिनं खुर्ची मागे घेतली. मग तिनं डोकं लढवलं. फुली कायम पडद्याच्या मधोमध. ठिपका फुलीखाली. आपण बसतो मधोमध. मग तो आपल्या कपाळावर दिसणार नाही तर काय पायावर दिसणार? बोका बसला तर त्याच्या कपाळावर दिसेल. शाळेतल्या पोराला सुटेल असं गणित. ती स्वतःशीच हसली आणि टेबलाखालची पाण्याची बाटली घ्यायला डावीकडे वाकली.

वाकता वाकता तिचं पडद्याकडे लक्ष गेलं.

फुली होती तिथेच होती. माउसवरचा हात तिनं हलवला नव्हता. काचेतलं डोकं तिच्याबरोबर डावीकडे खाली गेलं होतं. आणि ठिपका फुली सोडून डोक्याबरोबर खाली आला होता.

ती तशीच वाकलेली राहिली. मग हळूहळू उजवीकडे गेली. ठिपका उजवीकडे. डावीकडे. ठिपका डावीकडे. घाई नाही, झटका नाही. तीच ती ओळखीची, सुंदर चाल. तिनं दिशा बदलली तेव्हा, वळणाच्या त्या एका क्षणाला, ठिपक्याची थरथर थांबली.

ती थांबलेली थरथर तिला चांगली ठाऊक होती. क्लिकच्या आधी बोट अलगद टेकतं, तेव्हा तसं होतं. इतके दिवस ती तेच तर शिकत होती.

तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि जिन्यात जाऊन उभी राहिली. खालच्या दुकानात कुणीतरी सोफ्याचं प्लास्टिक फाडत होतं. दुपारचं लख्ख ऊन पायऱ्यांवर पडलं होतं. उन्हात उभी राहूनही ती या पायावरून त्या पायावर होत राहिली.

६

“बस इथे,” ती बोक्याला म्हणाली. मास्तर जेवायला गेले होते. “माझी छाप लाव आणि काय दिसतं ते सांग.”

“काय देशील?”

“थोबाडीत देईन. बस.”

बोका जांभई देत बसला. ती त्याच्या मागे, डाव्या खांद्याशी उभी राहिली. ठिपका गोळ्यांवरून फिरला, मग कोपऱ्याकडे वळला. पडदा काळा झाला. काचेत बोक्याचं डोकं मधोमध उमटलं, फुली त्याच्या कपाळावर.

“हा तुझा माणूस तिरळा होता काय गं?” बोका म्हणाला. “मधे थांबायचं तर माझ्या खांद्यावर येऊन बसलाय.”

घार उजव्या खांद्यामागे सरकली.

“हां, आता डोक्यावरून पलीकडे गेला. पोपटासारखा. हे काय नवीन? गोळ्याशिवायच चालतं हे?” तो आणखी काही बोलणार होता. मग त्याला काचेत तिची आकृती दिसली असावी, कारण त्याचा आवाज एकदम बारीक झाला. “घारे. तू जरा हलू नकोस बरं.”

“मला थांबायला सांगू नकोस.”

तो खुर्चीसकट मागे वळला. झोपाळू डोळे टक्क उघडले होते. “हे मास्तरांना सांगायचं.”

“सांग की. घारीला भास होतात म्हण. खुर्ची तुझी.”

“मी असं म्हटलं का?”

“म्हटलं नाहीस.”

“मग मनात आणलं असं म्हणतेस?”

बोका उठला, स्वतःच्या जागी जाऊन बसला आणि त्या दिवशी पहिल्यांदाच तो अजिबात झोपला नाही.

७

सांगितलं त्यानंच. मास्तरांनी ऐकून घेतलं, प्रोग्राममधे गडबड असेल म्हणाले आणि तिच्या मशीनवरून छाप काढून टाकली. “झालं समाधान? आता स्वतःच्या हातानं खेळ.”

स्वतःच्या हातानं ती खेळायला बसली. ठिपका नव्हता. करडी खोली, लाल गोळे, पांढरी फुली. किती मोकळं वाटलं तिला! पहिले गोळे टिंग टिंग करत गेले.

मग तिचा हात कोपऱ्याकडे वळला.

तिनं वळवला नव्हता. म्हणजे हात तिचाच, माउस ढकलल्याचं बोटांना कळत होतं, पॅडवरची खरखर कानांना ऐकू येत होती. फक्त तो हुकूम तिचा नव्हता. पडदा काळा झाला. पुसट डोकं उमटलं. ती डावीकडे झुकली आणि तिच्याच हातानं फुली डावीकडे नेली. उजवीकडे झुकली. फुली उजवीकडे. बोट माउसवर अलगद टेकलेलं.

तिनं डाव्या हातानं उजव्याचं मनगट धरून ओढलं. तो सहज आला. काही विरोध नाही, जोर नाही. ज्याला घाई नसते तो कशाला भांडेल?

सवय आहे, तिनं स्वतःला सांगितलं. इतके दिवस एकच गोष्ट गिरवली की हाताला लागणारच. सायकल विसरत नाही माणूस. हे सगळं खरं होतं, पटण्यासारखं होतं, आणि असं समजावत असताना ती खुर्चीत सारखी डोलत होती. नुसतं इकडून तिकडे डोलणं उपयोगाचं नाही हेही तिला कळलं. वळणावर थांबावंच लागतं. म्हणून ती गोल फिरवायची मान, खांदे, अख्खं धड.

“ताक घुसळतेयस का?” मास्तर खेकसले. “नेम असा लागतो का? बूड टेकव. स्थिर बस.”

आकडा धडाधड कोसळला. बोका पुढे गेला. घरी ती जेवताना ताटावर डोलायची, झोपताना पाय हलवत ठेवायची. ताईनं एक-दोनदा पाहून घेतलं आणि तिसऱ्यांदा तिच्या समोर बसली.

“विम्याच्या हापिसात मी विचारलंय. घेतील परत.”

“तुला कुणी सांगितलं विचारायला?”

“तुझ्या बोटानं,” ताई म्हणाली. “उद्याची ती निवड की काय, जाऊ नकोस.”

“इतकं पुढे येऊन मी आता फोन उचलू? ‘आपली काय सेवा करू’ म्हणू?”

“म्हण. काय होतं म्हणायला?”

“उद्याचा एक दिवस, ताई. खुर्ची मिळाली की मशीन बदलून मिळतं, हॉलही वेगळा. इथे परत यायचंच नाही मला.”

ताईची नजर तिच्या हाताकडे गेली. घारीनं तो मांडीखाली घेतला.

८

मालक अकराच्या सुमाराला आले. इस्त्रीचा शर्ट, दोन फोन, आणि पोरांच्या खुर्च्यांमागून चालताना नुसते आकडे बघायची सवय. निवड साधी होती. दोघांनी शेजारी शेजारी बसून एकेक फेरी खेळायची. फेरी चालू असताना जो उठेल तो बाद.

बोका आधी खेळला. बरा खेळला. बरा म्हणजे मात करता येण्याइतका. खेळ संपला तरी तो जागेवरच बसून राहिला.

घार बसली. सुरुवातीला डोलत होती. दोन गोळे हुकले, तिसरा हुकला. मागे मास्तर नाकानं श्वास सोडत होते. मालकांचा एक फोन वाजला आणि त्यांनी तो उचललाही. म्हणजे तिच्यापुरता निकाल लागला होता.

तेव्हा तिनं ठरवलं. एक फेरी. किती वेळ असते एक फेरी? तिनं पाय जमिनीला टेकवले, पाठ खुर्चीला लावली आणि डोलणं बंद केलं.

हाताला जणू तेवढंच हवं होतं. गोळे उगवत होते आणि फुटत होते. ती वाट बघत होती, ते थांबत होते, बोट दाबत होतं. टिंग. टिंग. मालकांनी फोन कानापासून खाली घेतला. हॉलमधला टकटकाट हळूहळू बंद पडला. पोरं वळून बघायला लागली. बोक्याचा आकडा तिनं गाठला. थोडेच गोळे उरले होते.

हात कोपऱ्याकडे वळला.

काळी काच. पुसट डोकं, कानांवर दोन फुगवटे. फुली कपाळावर. तिनं मान जराशी डावीकडे नेली. फुली जराशी डावीकडे आली.

“घारे, ऊठ,” शेजारून बोका म्हणाला. अगदी हळू.

पडद्यावरची वेळ पळत होती.

“ऊठ ना गं. खरं सांगतोय, ऊठ.”

उठणं काही कठीण नव्हतं. खुर्चीला चाकं होती, मागे रेटायची आणि उभं राहायचं. पण उठली की बाद, आणि बाद झाली की खुर्ची बोक्याची. हे बोक्यालाही ठाऊक होतं. सगळ्या हॉलमधे तिला उठवून ज्याचा फायदा होणार होता असा एकच माणूस होता, आणि तोच तिला ऊठ म्हणत होता. किती गोड आवाज काढलाय, तिच्या मनात आलं. तिनं त्याच्याकडे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्याचा चेहरा दिसला असता.

हा विचार पुरा होईपर्यंत ती थांबली होती. अगदी स्थिर.

बोट खाली गेलं.

हेडफोनमधे टिंग वाजली.

“शाब्बास!” मास्तरांनी टाळी वाजवली. “बघा रे, याला म्हणतात बैठक! ऊठ, घारे, जिंकलीस. ऊठ.”

तिला उठायचं होतं. पाय सापडेनात. समोर काचेपलीकडे ट्यूबलाइटच्या दोन ओळी दिसत होत्या आणि त्यांच्याखाली हॉल, सगळा उलट्या बाजूनं. तिच्याच कपड्यांतल्या एका मुलीनं कानांवरचे हेडफोन काढले, नीट टेबलावर ठेवले आणि ती खुर्चीतून उठली. घाई नाही, झटका नाही. मालकांनी हात पुढे केला, तो तिनं हातात घेतला. पोरांनी तिच्याभोवती गराडा घातला. मास्तर म्हणत होते, “हिची छाप घेऊन ठेवा आजच.”

सगळे त्या मुलीकडे बघत होते. बोका तेवढा खुर्चीतून हलला नव्हता. तो त्या रिकाम्या जागेवरून पुढे वाकला, पडद्याला नाक लागेल इतका, आणि काळ्या कोपऱ्यात सरळ घारीकडे बघत राहिला. तिनं दोन्ही हात वर केले, त्याचं नाव घेऊन ओरडली. त्याच्या ओठांवरून दिसत होतं की तोही तिला हाक मारतोय.

मग नीट दिसावं म्हणून त्यानं माउसवर हात ठेवला, आणि पांढरी फुली तिच्याकडे सरकू लागली.